कर्ज नको, मग आधी प्रवेशाचं दार नीट बघा

पत्र: मी घणसोली गावठाणात राहते. मिस्टर रबाळे एमआयडीसीत मशीन ऑपरेटर आहेत, हातात महिना त्रेचाळीस हजार येतात. मी घरून डबे देते, त्यात सहा हजार सुटतात. एक खोली भाड्याने दिली आहे, तिचे पाच हजार. मुलीने बारावी सायन्सनंतर सीईटी दिली, निकाल यायचा आहे. तिला कॉम्प्युटर नाहीतर आयटी इंजिनीअरिंग करायचं आहे. आम्ही ओबीसी. धाकटा नववीत. बँकेत २ लाख ४० हजारांची एफडी आहे आणि महिन्याला चार हजार बाजूला पडतात. ओळखीतला एक माणूस म्हणतो, "पन्नास हजार टोकन द्या, सीट लॉक करून देतो, बाकीचं एज्युकेशन लोनमध्ये बसतं." दीर म्हणतात, घर तारण ठेवा. आम्हा दोघांना कर्ज काढायचंच नाही. जमेल का? (घणसोलीची एक आई)

ताई, जमेल. एफडीला फारसा धक्का न लावताही जमेल. मात्र त्या माणसाला टोकन देऊ नका. दिलं असेल तर आजच परत मागा.

कारण सांगतो. ज्याला तो "सीट लॉक" म्हणतो ती संस्थास्तरावरची जागा, म्हणजे बोलीभाषेतला मॅनेजमेंट कोटा. फी माफीच्या सरकारी योजना तिथे लागू होत नाहीत. त्या मिळायच्या तर प्रवेश राज्य सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, झालेला लागतो. तेच कॉलेज, तीच शाखा, तोच बाक असला तरी कॅपमधून आलेल्या मुलीची ट्यूशन फी सरकार भरतं आणि शेजारी बसलेल्या मॅनेजमेंटवालीची तिचा बाप भरतो. ठरलेल्या फीवर रोख घेतलेले पैसे तर १९८७च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हाच आहेत. त्याची पावती मिळत नाही, म्हणून ते परतही मिळत नाहीत.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घरांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. आधी ही सवलत पन्नास टक्केच होती, आणि ओबीसी मुलग्यांना आजही पन्नासच आहे. खाजगी विनाअनुदानित कॉलेजही यात येतं. अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठं यात येत नाहीत. नवी मुंबईत ही गल्लत हमखास होते, कारण इथे साधी कॉलेजं आणि अभिमत विद्यापीठं एकाच रस्त्यावर, कधी एकाच कंपाउंडमध्ये असतात आणि पाट्या सारख्याच दिसतात. ओळखायची खूण सोपी आहे. कॅपच्या यादीत त्या कॉलेजला चॉइस कोड, म्हणजे पर्याय भरताना लिहायचा क्रमांक, आहे का ते पाहा. कोड नसेल तर माफी नाही, मग काउंटरवरचा माणूस काहीही सांगो.

आता फी म्हणजे नक्की काय? प्रत्येक कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजनिहाय दिसते. तिचे दोन भाग असतात, ट्यूशन फी आणि डेव्हलपमेंट फी. माफी पहिल्या भागाला आहे, दुसरा भाग तुमच्या खिशातून जातो. समजा कॉलेजची मंजूर फी १,३२,००० आहे आणि त्यात ट्यूशन १,२०,०००, डेव्हलपमेंट १२,०००. तर तुम्हाला भरायचे १२,०००, अधिक ओळखपत्र, विमा, विद्यापीठाचं किरकोळ शुल्क वगैरे. त्याला सात-आठ हजार धरा. पुस्तकं, जर्नल, प्रोजेक्टचं सामान यांना दहा हजार. ट्रेनचा पास, शेअर रिक्षा, चहा-वडापाव मिळून महिन्याला दीड हजार, म्हणजे अठरा. वर्षाचे झाले साधारण ४८,०००. तुमचे महिन्याचे चार हजार म्हणजे वर्षाचे बरोबर ४८,०००. लॅपटॉपचे पन्नास हजार तेवढे एफडीतून काढावे लागतील. बाकीचे १ लाख ९० हजार मुलासाठी शिल्लक राहतात.

हेच गणित मॅनेजमेंट कोट्यातून केलं तर नुसती फी चार वर्षांत ५ लाख २८ हजारांवर जाते. देणगी आणि कर्जाचं व्याज त्यावर. अभ्यासक्रम चालू असताना कर्जाचा हप्ता नसतो म्हणून लोकांना ते हलकं वाटतं, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं.

तर पैशाचा प्रश्न तसा सुटला. खरी अडचण कागदांची आहे. तुमच्यासारख्या घरांचा प्रवेश बहुतेक वेळा तिथेच अडतो.

आधी उत्पन्नाचा दाखला. तुम्ही हातात येणारा पगार लिहिलाय, पण तहसील कार्यालय फॉर्म १६ वरचा (कंपनी वर्षाच्या पगाराचा आणि कराचा देते त्या कागदावरचा) एकूण पगार पाहतं. त्यात पीएफची कपात, ओव्हरटाइम, बोनस सगळं येतं. हातात ४३ येतात म्हणजे एकूण ४८ ते ५० हजार असणार. त्यात तुमचे डब्यांचे ७२ हजार आणि भाड्याचे ६० हजार मिळवा. वर्षाचा आकडा सव्वासात लाखांच्या आसपास जातो. ८ लाखांच्या आत आहात, पण फार आत नाही. यंदा ओव्हरटाइम जास्त झाला असेल तर मिस्टरांना एचआरकडून आकडा आधी काढून घ्यायला सांगा. दाखला मागच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा आणि आई-वडील दोघांचा मिळून लागतो. डब्यांचे पैसे रोखीत येतात म्हणून लपवू नका, तुम्ही तरीही बसता आणि खोटं प्रतिज्ञापत्र पुढे चार वर्षं डोक्यावर राहतं.

घणसोलीचा कारभार ठाणे तहसीलकडे आहे. (ऐरोली ते बेलापूर ठाणे तालुक्यात, खारघरपासून पुढे पनवेल तालुका, रायगड जिल्हा. खारघरच्या बहिणीने तिचा दाखला जिथून काढला तिथे तुमचा निघणार नाही.) अर्ज 'आपले सरकार'वर घरून करता येतो किंवा सेतू केंद्रातून. दोन-तीन आठवडे धरा. निकालानंतर सगळा जिल्हा एकदम रांगेत उभा राहतो, म्हणून या आठवड्यातच टाका.

दुसरा कागद नॉन-क्रिमी लेयर, म्हणजे ओबीसीतल्या सधन गटात तुम्ही येत नाही याचं प्रमाणपत्र. तो प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा. अकरावीला काढलेलं प्रमाणपत्र घरात असेल तर त्यावरची शेवटची तारीख आज वाचा. सुविधा केंद्रावर कागद तपासणीला गेल्यावर ती तारीख संपलेली निघते आणि मुलगी ओपनमध्ये टाकली जाते. दरवर्षी असं होतं.

तिसरा आणि सगळ्यात जड कागद म्हणजे जात वैधता. जातीचं प्रमाणपत्र वेगळं आणि ते तपासून खरं ठरल्याची वैधता वेगळी. ती जिल्हा जात पडताळणी समिती देते, आणि वेळ आठवड्यांत नाही, महिन्यांत मोजावा लागतो. बारावी सायन्सच्या मुलांचे अर्ज ज्युनिअर कॉलेजमार्फत जातात. मुलीचा गेला होता का, हे तुम्ही लिहिलं नाही. गेला असेल तर समितीच्या पोर्टलवर अर्जाची स्थिती बघा, एखादी त्रुटी काढून समितीने तो थांबवला असेल. गेला नसेल तर उद्या भरा. त्याची पावती घेऊन आत्ता कॅपला अर्ज करता येतो, पण ठरलेल्या मुदतीत मूळ वैधता दिली नाही तर राखीव जागा हातची जाते. सरकार मुदत वाढवतं हे खरं आहे. तरी त्या भरवशावर बसू नका.

ओबीसीसाठी पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा लागतो. मुलीच्या आजोबांचा, नसेल तर पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधा. त्यावर जातीचा स्पष्ट उल्लेख हवा. गावठाणातल्या कुटुंबांकडे बहुधा जुने सातबारा उतारे, फेरफार, गाव नमुना १४ च्या जन्म-मृत्यू नोंदी निघतात आणि त्यात जात लिहिलेली असते. दिरांच्या घरात, चुलत सासऱ्यांकडे कुणाची वैधता झालेली असेल तर काम निम्म्याने हलकं होतं. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचं वैधता प्रमाणपत्र आणि नातं दाखवणारी वंशावळ जोडा. माहेरच्या बाजूचं चालत नाही. दिरांना घर तारण ठेवण्याऐवजी हे शोधायला सांगा.

आता कॅप. पर्याय भरताना क्रम म्हणजे सर्व काही. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ते आपोआप पक्कं होतं, पुढची फेरी खेळता येत नाही. म्हणून एक नंबरला तेच लिहा जिथे मुलगी खरंच जाणार आहे. यादीत 'टी' लागलेले कोड दिसतील. ती ट्यूशन फी वेव्हर स्कीम, मंजूर जागांवर ५ टक्के जास्तीच्या जागा. त्यांचा कटऑफ वर असतो. तुमच्या मुलीला माफी तशीही मिळणार, म्हणून त्या कोडसाठी चांगली शाखा सोडू नका. मुलाच्या वेळी मात्र हेच कोड वर लिहायचे आहेत.

घरून जाता येईल असं कॉलेज हा तुमच्या हातातला दुसरा मोठा हुकमाचा पत्ता. घणसोलीहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, कोपरखैरणे, ठाणे, वाशी, नेरुळ सगळं टप्प्यात आहे, आणि विद्यार्थ्याला सेकंड क्लासचा पास निम्म्या दरात मिळतो. कन्सेशनचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातून घ्यायचा. पुण्याच्या थोड्या नावाजलेल्या कॉलेजात घातलं तर हॉस्टेल आणि मेस वर्षाला लाखाच्या पुढे नेतात. ट्यूशन माफ होऊनही तुम्ही कर्जात जाल ते याच वाटेने. व्हीजेटीआयसारखं कॉलेज मिळालं तर माटुंग्याचा रोजचा प्रवास सोसावा. बाकी दोन-चार पर्सेंटाइलच्या फरकासाठी घर सोडण्यात अर्थ नाही.

प्रवेशाच्या दिवशी काउंटरवर एक प्रसंग येऊ शकतो. क्लार्क म्हणेल, "आत्ता पूर्ण भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ." पात्र मुलीकडून माफीची रक्कम आधी वसूल करायची नाही, असे शासनाचे आदेश आहेत. वाद घालू नका. अलॉटमेंट लेटर, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमी लेयर यांच्या प्रती जोडून प्राचार्यांच्या नावे एका पानाचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोचशिक्का घ्या. तेवढ्याने बहुतेक ठिकाणी काम होतं. नाही झालं तर तंत्रशिक्षणाच्या विभागीय सहसंचालकांचं कार्यालय बांद्रा पूर्वेला खेरवाडीत आहे, तक्रार तिथे. मूळ मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट कॉलेज अडकवून ठेवू शकत नाही. आणि प्रवेश घेतल्यावर दुसरीकडे जायचं ठरलं तर ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द करा, हजार रुपये कापून बाकीचे परत मिळतात. तारीख उलटली की विषय संपला.

प्रवेश झाला म्हणजे माफी झाली, असं अनेक जण समजतात. माफीचा अर्ज महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर वेगळा करायचा असतो, दर वर्षी, दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरण म्हणून. तिथे जे बिघडतं ते बहुधा बँकेच्या खात्यात. माफीचे पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, मुलीच्या आधारला जोडलेल्या खात्यावर येतात. मुलीचं शाळेत असताना काढलेलं खातं असेल, त्यात पालक म्हणून तुमचं नाव असेल, आणि ती अठराची झाली की बँक ते खातं नव्या केवायसीपर्यंत थांबवते. पहिल्या वर्षातच तिचा अठरावा वाढदिवस येत असेल तर हप्ता नेमका त्या बंद खात्यावर जाऊन अडकतो. आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून पान आहे, तिथे मुलीचा नंबर टाकून कुठली बँक दिसते ते पाहा. जुनी दिसली तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे जाऊन सीडिंगचा, म्हणजे ते खातं आधारला जोडण्याचा, फॉर्म भरा. फक्त आधारची झेरॉक्स देऊन आलात तर ते केवायसी झालं, सीडिंग नाही. या दोन गोष्टी बँकेतले लोकही एकच समजतात, तेव्हा फॉर्मवर 'डीबीटीसाठी' हे शब्द आहेत का बघा.

दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का तेही पाहून ठेवा. अर्ज केल्यावर दर पंधरा दिवसांनी लॉगिन करायचं. 'सेंट बॅक' दिसलं म्हणजे कॉलेजने चूक काढून परत पाठवलाय, आणि तो दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही तर वर्ष वाया. नापास होऊन वर्ष मागे राहिलं तर त्याच वर्षाची फी सरकार दुसऱ्यांदा भरत नाही. हे मुलीला आत्ताच सांगा, धाक म्हणून नाही, हिशेब म्हणून.

थोडे पैसे आणखी कुठून येऊ शकतात? मिस्टरांच्या जून आणि डिसेंबरच्या पगाराच्या स्लिपा काढा. त्यात 'एमएलडब्ल्यूएफ' म्हणून २५ रुपयांची कपात दिसेल. ते महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचं वर्गणीचं खातं आहे आणि वर्गणीदार कामगारांच्या मुलांना मंडळ शिष्यवृत्ती देतं. रक्कम काही हजारांची असते, पण पुस्तकांचा खर्च निघतो. जवळच्या कामगार कल्याण केंद्रात फॉर्मची चौकशी करा. कुटुंबाची जमीन सिडकोसाठी गेलेली असेल तर सीबीडी बेलापूरच्या सिडको भवनात प्रकल्पग्रस्तांच्या मुलांच्या विद्यावेतनाबद्दल विचारा. नवी मुंबई महापालिकेच्या समाजविकास विभागाच्याही शिष्यवृत्त्या असतात. पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे, घरटी दोन मुलींपर्यंत, उत्पन्नाची अट तीच ८ लाखांची. रिलायन्स फाउंडेशनची पदवीसाठीची शिष्यवृत्ती संपूर्ण अभ्यासक्रमाला मिळून २ लाखांपर्यंत जाते. प्रत्येक ठिकाणी 'दुसरी शिष्यवृत्ती घेत असल्यास' ही अट आधी वाचायची. महाडीबीटीची माफी सोडून पन्नास हजारांमागे गेलात तर नुकसान तुमचंच. आणि हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात नोंदणीकृत बांधकाम कामगार असेल तर त्यांच्या कल्याणकारी मंडळाकडून इंजिनीअरिंगच्या पदवीला वर्षाला ६०,००० मिळतात, फक्त नोंदणी चालू हवी.

एफडीचं एक काम करा. ती सगळी एकच पावती असेल तर मुदतीआधी मोडताना सगळ्या रकमेवर व्याज कापलं जातं. नूतनीकरणाला आली की तिचे चार तुकडे करा. चार हजारांची आरडी जुलैत सुरू करा, बारा महिन्यांची, म्हणजे ती फी भरायच्या वेळी सुटते. पहिल्या जुलैला मात्र आरडीची गंगाजळी हाताशी नसेल, तेव्हा फी, पास आणि लॅपटॉप मिळून लाखभर एकदम लागतील. त्यासाठी एक तुकडा मोकळा ठेवा. लॅपटॉप पहिल्या सेमिस्टरला नाही घेतला तरी चालतं, लॅबमध्ये मशीन असतात. भिशी लावली असेल तर नंबर जूनमध्ये मागून घ्या. मिस्टरांच्या पीएफला हात लावू नका. शिक्षणासाठी काढता येतो हे खरं, पण तुमच्या हिशेबात त्याची गरजच पडत नाही.

कटऑफने दगा दिला आणि कॅपमध्ये मनासारखं काहीच लागलं नाही तर? तरीही मॅनेजमेंट कोट्याकडे वळू नका. अनुदानित कॉलेजातली बीएस्सी, उदाहरणार्थ ठाण्याच्या बांदोडकर कॉलेजात, फीच्या मानाने फार स्वस्त पडते आणि पुढे एमसीएची, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या पदव्युत्तर पदवीची, वाट उघडी राहते. फक्त फॉर्मवर विभाग अनुदानित आहे की विनाअनुदानित ते वाचा. एकाच इमारतीत दोन्ही चालतात आणि बीएस्सी आयटी हा बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित विभाग असतो.

मुलाचं अजून दीड वर्षाने बघायचं, पण त्याला पन्नास टक्केच माफी आहे हे लक्षात घेता दहावीनंतर डिप्लोमाचा विचार जरूर करा. ठाण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षं अगदी कमी फीत होतात आणि नंतर थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनीअरिंगला प्रवेश मिळतो, म्हणजे पदवीची एका वर्षाची फी वाचली. त्याची जात वैधता तुम्हाला पुन्हा शून्यातून करावी लागणार नाही. मुलीचं प्रमाणपत्र हातात आलं की त्याच्या चार प्रती साक्षांकित करून वंशावळीसोबत एकाच फाइलमध्ये ठेवा आणि मुलाचा अर्ज करता येईल तेव्हा तो लगेच भरून टाका. सख्ख्या बहिणीची वैधता जोडलेली असली की समितीला आजोबांचा दाखला पुन्हा पहिल्यापासून तपासत बसावं लागत नाही.